पेढ्यानंतरचा चहा

एकदा वाईनच्या एका वृद्ध पारख्याने आपल्या शिष्यावर पहिल्यांदाच निकालाची जबाबदारी सोपवली. नाशिककडच्या एका व्यापाऱ्याला शॅम्पेनच्या धर्तीची फेसाळ वाईन निवडायची होती. शॅम्पेन हे नाव मिरवण्याचा मान फ्रान्समधल्या एका प्रांताचा. पण फेस काही कुणाच्या बापाचा नसतो.

व्यापाऱ्याच्या ओसरीवर तिघा द्राक्षबागायतदारांच्या बाटल्या आल्या होत्या. एक गोडमिट्ट, दुसरी गुलाबी आणि बेताची गोड, तिसरीत साखरेचा कणही घातलेला नाही. ही तिसरी सगुणाबाईंची. तीन वर्षं त्यांनी ती तळघरात सांभाळली होती, अखेरीस गाळ मानेशी उतरावा म्हणून एकेक बाटली उलटी कलती ठेवून रोज हाताने फिरवली होती. आज ती नापसंत झाली, तर त्यांना द्राक्षबाग उपटावी लागणार होती.

शिष्य हुशार. तुलना हा त्याचा हातखंडा. घरीसुद्धा धाकट्या लेकीचं प्रगतिपुस्तक हाती आलं, की ह्याच्या तोंडी थोरलीचं नाव.

व्यापाऱ्याने कौतुकाने गोड वाईनचा पेला आधी पुढे केला. शिष्याने ती चाखली आणि मान डोलावली. गुलाबीही आवडली. तिसरीचा घोट घेताच मात्र त्याचा चेहरा वाकडा झाला. "ही निव्वळ आंबट आहे. पहिलीच्या पासंगालाही पुरणार नाही."

सगुणाबाईंनी आपल्या बाटलीचं बूच उचलून मुठीत घट्ट धरलं.

"थांबा, शेठ," वृद्ध म्हणाला. "निकालाआधी चहा होऊ द्या. आणि घरात पेढे असतील तर तेही आणा."

शिष्य चकित झाला. चाखणीच्या दिवशी सुपारीलाही हात न लावणारे गुरुजी, आणि मध्येच पेढे! पण गुरूंची आज्ञा. त्याने एक खाल्ला, आवडला म्हणून दुसराही खाल्ला. मग चहाचा घोट घेतला आणि आचाऱ्याला हाक मारली. "अहो, साखर घालायची राहिली वाटतं!"

म्हातारा आचारी दुखावला. "साखर बरोबर आहे, साहेब. सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यातला. तुम्ही आधी पेढे खाल्लेत, त्याला मी काय करू?"

शिष्याचा कप तोंडाशीच थांबला. त्याची नजर हळूहळू तिसऱ्या पेल्याकडे गेली.

"बाळ," वृद्ध म्हणाला, "चहावर आत्ता घेतलास तोच आळ मघाशी तू ह्या बाईंच्या तीन वर्षांवर घेतलास. तुलना अवश्य करावी, आपली विद्याच ती. पण गोडाच्या पाठोपाठ चाखलं, की जिभेला समोरचं काही कळत नाही, मागच्याची उणीव तेवढी कळते. बिनसाखरेची आधी आणि गोड शेवटी, हा क्रम तुला पाठ होता. शेठनी पेला पुढे केला आणि तुला नको म्हणवलं नाही."

शिष्याने खळखळून चूळ भरली, कोरड्या पावाचा तुकडा चावून खाल्ला आणि अर्धा तास तोंड मिटून बसला. मग सगुणाबाईंचा पेला उचलला. आधी लिंबाच्या सालीचा गंध आला, मागून तव्यावर भाजल्या जाणाऱ्या भाकरीचा. आणि घोट उतरल्यावरही कितीतरी वेळ जीभ स्वच्छ, जागी राहिली. मग त्याने उरलेल्या दोन्ही पुन्हा चाखल्या, या वेळी क्रमाने.

तो उठून उभा राहिला. "बाई, माझं चुकलं. शेठ, मिठाईबरोबर पहिली छान आहे. पण जेवणाला बसलेल्या माणसाला पेला भरून द्यायचा असेल, तर हीच घ्या."

व्यापाऱ्याने ती घेतली. सगुणाबाईंनी मूठ उघडली, तेव्हा बुचाची गोल खूण तळहातावर उमटली होती. ती पाहून शिष्याला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी घरी धाकटीने भीतभीत प्रगतिपुस्तक पुढे ठेवलं. सवयीने थोरलीचं नाव त्याच्या जिभेवर आलं. तो उठला, माठाकडे गेला, आधी घोटभर पाणी प्यायला. आणि मग लेकीजवळ बसून त्याने पुस्तक उघडलं.