टाकाईला न गाळलेलं पाणी

थांबा मंडळी, घागर अशी थेट तोंडाला लावू नका. हा पंचा घ्या, पाणी गाळा, मग प्या. टाकाईच्या डोंगरावर पाहुण्याने गाळूनच पाणी प्यायचं असतं. देवीच्या मुखात मात्र रोज सकाळी टाक्यातलं पाणी जसंच्या तसं, न गाळता घालतात. शहरातली माणसं नाक मुरडतात. देवीला गढूळ आणि आपल्याला निवळ, हे उलटं नाही का, म्हणतात. उलटं नाही. जाणूनबुजून केलेलं आहे.

फार मागची गोष्ट. गावाला पाणी म्हणजे हे खडकात खोदलेलं एकच टाकं. आणि पाण्यासोबत नारू. पायाला फोड यायचा, फुटला की आतून पांढरा दोऱ्यासारखा किडा निघायचा. ओढताना तुटला तर पाय सडायचा. आमच्या शहाण्या पूर्वजांनी त्याला नाव दिलं, देवीचा दोरा. देवी ज्याला आपलं म्हणते त्याला ती असं बांधून घेते म्हणे. काय पण माया! दोरा निघालेल्या माणसाला हलगी वाजवत इथे आणायचे आणि पाय टाक्यात बुडवायला लावायचे. गार पाण्याने आग शमायची, म्हणून भक्ती आणखी वाढायची. मग त्याच पाण्याच्या घागरी घरोघर जायच्या. पाय बुडला की नारू त्या पाण्यात आपली पिल्लं सोडतो, हे आज शाळेतलं पोर सांगेल. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

दुखणेकऱ्याला हात धरून पायऱ्या उतरवायचा मान गुरवाच्या घरातल्या बाईचा. तेव्हा ती बाई होती सगुणा. तिला एकच लेक, भागू. पोर आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्या घोट्याला दोरा निघाला तेव्हा सगुणाने गावात गूळ वाटला, असं सांगतात. देवीने गुरवाची लेक निवडली, केवढा मान! भागूही शहाणी पोर. पाय पाण्यात बुडवताना कळवळायची, पण देवीकडे तोंड करून हात जोडलेले असायचे. एके दिवशी दोरा आतच तुटला. पाय सुजला, काळा पडला, ताप चढला. पोर गेली तेव्हाही तिचे हात जोडलेले होते आणि पुरतानाही ते सुटले नाहीत म्हणे.

गावात एकच घर असं होतं की जिथे कुणाला कधी दोरा निघाला नव्हता. वाण्याचं, जैनाचं. ते टाकाईला मानत नाहीत, म्हणून देवी त्यांना निवडत नाही, असा गावाचा हिशेब. सुतक फिटल्यावर सगुणा त्या घरच्या पद्माबाईंकडे गेली आणि उंबऱ्यातच बसली. पद्माबाई दुहेरी कापडातून पाणी गाळत होत्या.

"हे कशापायी करता, काकी?"

"पाण्यात बारीक जीव असतात गं. ते आपल्या पोटात जाऊन मरू नयेत म्हणून."

सगुणाने ते कापड उन्हात धरलं. ओल्या कापडावर ठिपक्याएवढं काहीतरी टुणटुण उडत होतं. ज्यांनी किड्याची दया केली त्यांची लेकरं जगली होती आणि जिने देवीची सेवा केली तिची लेक मातीत होती. सगुणा रडली नाही म्हणे. तशीच डोंगर चढली.

टाक्यातून तांब्या भरून घेतला आणि देवीसमोर उभी राहिली. "सारं जग तूच केलंस ना? मग ह्यो किडाबी तूच केलास. माझ्या लेकीनं तुझं काय वाकडं केलं व्हतं? आता तूच पी." असं म्हणून तिने ते पाणी देवीच्या दगडी ओठांवर ओतलं.

पाटील धावत आला. "सगुणे, देवी कोपंल!"

"कोपू दे की. आणखी काय करंल?"

देवी कोपली नाही. प्रसन्नही झाली नाही. दगड तो, भिजला आणि वाळला. सगुणा मात्र मरेपर्यंत टाक्याच्या वाटेवर बसली. किडा पाण्यातून पायात येतो तर पायातून पाण्यातही जाणार, हे तिने ताडलं होतं; पाय बुडवायला येणाऱ्याला ती पायरी उतरू देईना आणि घागर भरणाऱ्या बाईला पदरातून गाळल्याशिवाय सोडीना. लोकांनी शिव्या दिल्या, एकदा दगडही मारले. पण दोरे कमी झाले, आणि एके वर्षी कुणालाच निघाला नाही.

मग गावाने काय केलं असेल? देवीला चांदीचा मुखवटा केला. टाकाईनेच सगुणेच्या तोंडून सांगितलं म्हणे, सगळी तिचीच लीला! म्हणजे पोर मेली तीही लीलाच. सगुणेची समाधी विचाराल तर ती नाही.

तिच्या मागे दिराचं घर राहिलं, तेच आमचं. आजही आमच्या घरची बाई रोज इथे येते, झाडलोट करते, दिवा लावते, देवीच्या मुखात न गाळलेलं पाणी घालते आणि तशीच परत फिरते. गेल्या महिन्यात एक पाहुण्या बाई माझ्या सुनेला म्हणाल्या, अहो, एवढी सेवा करता, देवीला नमस्कार तरी करा. सून कळशी उचलत म्हणाली, "आमच्या घरचे हात जोडून झालेत, ताई."