चुरमुरे आणि जाळं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाणमांजरं माणसांशी बोलत असत आणि माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करत असत. त्यातलं पाणमांजरांचं बोलणं तेवढं आता थांबलं आहे.

डोंगरातून उतरणाऱ्या एका नदीला गावाजवळ खोल डोह होता. त्या डोहात कुणी जाळं टाकत नसे. बोटाएवढे मासे तिथे बिनघोर वाढत आणि पावसाळ्यात नदीभर पसरत. खालच्या चार गावांचं जेवण त्यांच्यावर चाले. म्हणून डोहाला एक राखणदार असे. त्याने रोज सकाळी माशांना पसाभर चुरमुरे टाकायचे आणि जाळं घेऊन आलेल्याला परत पाठवायचं, एवढंच काम.

हे काम धाकू भोयाच्या घराण्याकडे होतं. "डोहातल्या जिवाला हात लावणार नाही," अशी शपथ त्याने बापासमोर घेतली होती. चाळीस वर्षं ती त्याने पाळली. त्याच्या घरात जाळंसुद्धा नव्हतं.

एके वर्षी राजा दूरदेश फिरून आला आणि त्याने डोहाला भेट म्हणून हंड्यातून दोन मासे पाठवले. अंग सोनेरी, त्यावर काळे पट्टे आणि शेपटीवर मोरपिसासारखा डोळा. बघायला सगळं गाव लोटलं. मासा केवढा वाढतो, किती वर्षं जगतो, उन्हात कसा चमकतो, सगळं विचारून झालं. राजाच्या माणसाने त्याला ठाऊक नव्हतं तेही सांगितलं. मग वाजतगाजत हंडा डोहात रिकामा झाला.

महिन्याभरात धाकूचे चुरमुरे पाण्यावर तसेच राहू लागले. त्याची बायको भागू खालच्या बाजूला धुणं धूत होती.

"अहो, तुमचे चुरमुरे माझ्या दगडापर्यंत वाहत आल्यात," ती म्हणाली. "ते सोन्याचे पाव्हणे चुरमुरे खात न्हाईत. मग खातात तरी काय?"

"खात असतील काहीतरी," धाकू म्हणाला. उत्तर त्याला कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

पुढे त्या जोडीने सपाट दगडावर अंडी घातली. पिल्लं निघाली तसे दोघं आईबाप पहाऱ्याला उभे राहिले. खेकडा जवळ आला तरी त्याच्या अंगावर धावून जात. गावच्या बायका सुनांना आणून दाखवू लागल्या, "बघा गं, माया कशी असते!" माया खरीच होती. पण ती लेकरं पोसायला दुसऱ्यांची लेकरं खपत होती. ते घडत होतं पाण्याखाली, आणि पाण्याखाली बघायला कुणाला सवड नव्हती.

उन्हाळ्यात नदीची धार तुटली आणि डोह कमरेएवढा उरला. एक म्हातारं पाणमांजर धाकूच्या पायाशी येऊन बसलं.

"धाकू, आत्ता दोन मोठे आन् ओंजळभर पिल्लं हायेत," ते म्हणालं. "एका दुपारचं काम हाय. पाऊस पडला की मग कुणाच्याच हातात काय न्हाई."

"मग तूच का खात न्हाईस?"

"मला दात कुठं राह्यलेत?"

"मी शपथ घेतलीय," धाकू म्हणाला.

"कशापायी घेतली व्हतीस?"

धाकू उठला. तो पाटलाकडे गेला. पाटील म्हणाला, "मासा राजाचा, डोह देवाचा. मला मधी कशाला घालतोस?" तरी त्याने दरबारात माणूस पाठवला. राजा शिकारीला गेला होता. निरोप ठेवून माणूस परत आला.

इकडे भागूने माहेरून एक जाळं आणलं आणि दाराशी टांगलं. धाकू येता-जाता त्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. असा सगळा उन्हाळा गेला. मग पाऊस आला, डोह नदीला मिळाला आणि सोनेरी पिल्लं चारही गावांकडे निघून गेली.

दोन वर्षं लोक खूश होते. जाळी सोनेरी माशांनी भरून येत होती. तिसऱ्या वर्षी तेही रोडावले, कारण खायला काही उरलं नव्हतं. भुकेने ते आपलीच पिल्लं गिळू लागले. बगळे दुसरीकडे गेले. "निघतो रे," एवढंच म्हणून पाणमांजरही गेलं. डासांच्या अळ्या खाणारे बारके मासे संपले, तसे डास वाढले. घरोघरी हिवताप शिरला. त्याच तापात भागू गेली.

जाताना तिने धाकूला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं पुढे त्याला रोज वाटायचं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने दारावरचं जाळं काढलं आणि तो डोहात छातीएवढ्या पाण्यात उतरला. काठावरून लोक ओरडले, "धाकूबा, शपथ!"

"शपथ माशांपायी व्हती," तो म्हणाला. "ते हायेत कुठं?"

राजाची परवानगी दोन महिन्यांनी आली, चांगली शिक्का मारलेली. धाकूने अकरा वर्षं रोज जाळं टाकलं. पुढे गावही त्याच्या जोडीला आलं. सोनेरी मासे संपले नाहीत. धाकूचे खांदे मात्र संपले.

वर डोंगरात, धबधब्याच्या माथ्यावर एक लहानसं कुंड होतं. सोनेरी माशांना धबधबा चढता आला नव्हता, म्हणून जुने बारके मासे तिथे तगून होते. गावाने ते राखायचं ठरवलं आणि कोंडाबाई नावाच्या धडधाकट बाईला राखणदार नेमलं. "धाकूबा," पाटील म्हणाला, "हिला तुमच्या घराण्याची शपथ द्या."

धाकू चढणीने धापा टाकत दगडावर बसला होता. त्याने खांद्यावरचं भागूचं जाळं उतरवून कोंडाबाईच्या एका हातात दिलं. दुसऱ्या हातात चुरमुऱ्यांची पुरचुंडी ठेवली.

"शपथ न्हाई बाई," तो म्हणाला. "हे घे, आन् हे बी घे. चुरमुरे कुणी खाईना झालं, की त्याच दिवशी पाण्यात उतर. मला इचारू नगंस. पाटलाला इचारू नगंस. राजाला तर न्हाईच न्हाई."

कुंडात बारके मासे अजून आहेत. खालच्या नदीत सोनेरी मासेही अजून आहेत, आणि चार गावं अजून जाळी टाकून दमतात.

बोध: ज्याला राखायला नियम केला तेच मरू लागलं, तर नियम धरून बसणं म्हणजे राखण नव्हे.