भागोजी आणि ऊबदार खोली

कोकणात कढणवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात भागोजी नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं सगळं ऐकायचा. तिथेच तर घोळ होता.

गावात गरम पाण्याचं कुंड होतं. जमिनीतून वाफाळतं पाणी वर यायचं. लोक पाय शेकायचे आणि उरलेलं पाणी ओढ्याला जायचं. मग सरकारी माणसं आली. त्यांनी कुंडातलं पाणी पाइपातून एका खोलीच्या भिंतींना फिरवलं. लाकूड नको, वीज नको, खोली आपली तापलेली. भागोजीच्या आईचा, येसूआईचा, जीव त्या खोलीत अडकला. तिची आमसुलं दरवर्षी पावसात सापडून सडायची. पण खोली होती परीक्षेपुरती. मोठे साहेब येऊन बघणार, ऊब पुरेशी वाटली तर खोली गावाला, नाहीतर पाइप उपटून दुसरीकडे.

खोली राखायला येसूआईने भागोजीला बसवलं. म्हणाली, "आमसूल एकदा वाळवून होत नसतं. वाळलं की रसात बुडवायचं, परत आत ठेवायचं. अशी चार पुटं पुरी झाल्याशिवाय तुला जेवण नाही."

भागोजीने मान डोलावली. जेवण त्याला नीट कळायचं.

पहिल्या दिवशी त्याने दार सताड उघडं ठेवलं. सगळी ऊब अंगणात. कोंबड्या येऊन शेकत बसल्या. येसूआई म्हणाली, मेल्या, दार लावून घ्यावं, ऊब आत राहायला हवी.

दुसऱ्या दिवशी त्याने दार लावलं, खिडकी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या. आत वाफ कोंडली आणि आमसुलांना बुरशी आली. येसूआईने कपाळावर हात मारला. ओलं दिसलं की दार उघडावं आणि वारा लागू द्यावा, एवढंही कळत नाही का, म्हणाली. भागोजी म्हणाला, आता कळलं.

खोलीतून फिरून आलेलं पाणी पुढे न्हाणीघरात जायचं. तिथे सरपंच अनंततात्या आंघोळ करत होते. भागोजीने फटीतून पाहिलं. तात्या नखशिखांत ओले. आता सांगा, आई काय म्हणाली होती? भागोजीने दार धाडकन उघडलं. समोर पाणवठा, पाणवठ्यावर अर्धं गाव. तात्यांनी तांब्या कुठे धरावा हेच त्यांना सुचेना.

कपडे चढवून तात्या बाहेर आले, ते भागोजीवर ओरडतच. "आत माणूस आहे तोवर दार उघडायचं नाही. कोणी कितीही बोंबललं तरी नाही. समजलं?"

"समजलं," भागोजी म्हणाला.

आणि त्याच आठवड्यात मोठे साहेब आले. गोरेगोमटे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. येसूआई आणि तात्या चहाचं बघायला घरात गेले. साहेब म्हणाले, ऊब किती आहे ते मी स्वतःच बघतो, आणि खोलीत शिरले. भागोजीने लगेच मागून कडी घातली. ऊब आत राहायला हवी ना.

थोड्या वेळाने साहेबांनी दार वाजवलं. भागोजी हसला. मग साहेब ओरडू लागले. भागोजीने फटीतून पाहिलं, तर साहेब घामाने ओलेचिंब. बिचारा पेचात पडला. ओलं दिसलं की दार उघडायचं, हे आईचं. आत माणूस असला की उघडायचं नाही, हे तात्यांचं. आई घरची, तात्या सरपंच. सरपंच मोठे.

"साहेब, तुम्ही खुशाल बोंबला," तो आत तोंड करून म्हणाला. "मला सगळं समजावलेलं आहे."

येसूआई चहा घेऊन आली तेव्हा आतून नुसती धापा टाकल्याची घरघर येत होती. तिच्या हातची कपबशी गळून पडली. गेली खोली, गेली यंदाचीही आमसुलं, असं म्हणत तिने धावत जाऊन कडी काढली. साहेब भिंतीला धरून बाहेर आले. ओठ सुकलेले, गाल बसलेले. अंगातला घाम होता तेवढा निघून गेला होता आणि शर्टसुद्धा अंगावरच कडक वाळला होता. तात्यांनी हात जोडले.

साहेब क्षीण आवाजात म्हणाले, "ऊब भरपूर आहे. खोली मंजूर."

येसूआईला रडूच कोसळलं. इतकी वर्षं सडलेली आमसुलं, आणि आता हे. तात्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. ते बरं केलं, कारण पुढचं काही बोलायला साहेबांचं तोंड मोकळं राहिलं नाही.

भागोजी साहेबांकडे निरखून बघत होता. त्याने त्यांचा शर्ट चाचपला, गाल दाबून पाहिला. मग त्यांना अलगद उचललं आणि पडवीतल्या कोकमाच्या रसाच्या पिंपात गळ्यापर्यंत बुडवलं. वरून डोक्यावरही दोन तांबे घातले, कुठे कोरडं राहायला नको. साहेब लालभडक होऊन वर आले, तसे त्याने त्यांना खांद्यावर टाकलं आणि खोलीकडे निघाला.

"आई, ताट वाढायला घे," तो दारातून म्हणाला. "यांची तीनच पुटं राहिलीत."