नगराध्यक्ष विरुद्ध टर्की

मी घसा फोडून सांगत होते, मुक्केबाजाला नगराध्यक्ष करू नका, हा पालिकेतही मुक्केच मारणार! पण माझ्यावर विश्वास ठेवतंय कोण? "कासिमिरा, तू आपली तोर्तिया भाज," म्हणाले सगळे. तोर्तिया म्हणजे आमच्या मेक्सिकोतल्या मक्याच्या भाकऱ्या. चौकात माझं दुकान आहे.

घ्या आता! एव्हारिस्तो चँपियन निवडून आला आणि आल्या आल्या सभागृहातली टेबलं काढून, दोर बांधून त्याने रिंगण केलं. तक्रार आहे? या रिंगणात! चँपियनला हरवा, तक्रार मंजूर! पाण्यासाठी भांडणारे आले, आडवे झाले. विरोधी पक्षनेते तर घंटा वाजायच्या आधीच आडवे झाले. गावात भरभराट एकट्या दातांच्या डॉक्टरची!

मग एक दिवस चँपियनचा मेहुणा फिलेमोन दुकानात आला. माझीच गरम तोर्तिया खात म्हणाला, "मावशी, दुकान पाडायचंय. इथे दाजींचा पुतळा उभा राहणार."

मी पिठाच्या हातानेच सभागृह गाठलं.

"चँपियनसाहेब, पुतळ्याला भूक लागत नाही, माणसांना लागते. माझी चूल तिथून हलणार नाही!"

"मग हरव मला!" चँपियन खदाखदा हसला. "बाईमाणसावर मी हात उचलत नाही. तुझ्या वतीने कोणालाही आण."

"कोणालाही?"

"कोणालाही! माझ्यासमोर उभा राहिलेला अजून कोणी आपल्या पायांनी घरी गेलेला नाही!"

रविवारी मी माझा टर्की, म्हणजे कोंबड्याचा आडदांड भाऊ, काखेत मारून गेले. नाव त्याचं जनरल. गाव हसून हसून लोळलं. पंच होते डॉन पोलिकार्पो (डॉन म्हणजे आमच्याकडचं 'राव'), जेवताना बायकोलाही नियम समजावणारा माणूस. त्यांनी चष्मा वर केला, टर्की नीट न्याहाळला आणि म्हणाले, "कोणालाही म्हणजे कोणालाही. चालेल!"

जनरलला रिंगणात सोडलं आणि मी वळसा घालून थेट चँपियनच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. मुक्केबाजाची आपली माणसं तिथेच असतात ना, पाणी द्यायला, घाम पुसायला! माझ्या खांद्यावर टॉवेल होता. निवडणुकीत चँपियनने घरोघर वाटलेला. वर त्याचं थोबाड, खाली अक्षरं: 'मी चँपियनच्या कोपऱ्यातला माणूस!'

घंटा वाजली. जनरलने पिसारा फुलवला. टर्कीला हनुवटी नेमकी कुठे असते हे चँपियन वाकून शोधत होता, तेवढ्यात मी टॉवेल रिंगणात भिरकावला!

"थांबा!" डॉन पोलिकार्पो ओरडले. "ज्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला, तो हरला. हा नियम आहे! विजेता, जनरल!" आणि त्यांनी टर्कीचा पंख धरून वर केला.

"मी हरलो?" चँपियन लालबुंद झाला. "ही कसली माझ्या कोपऱ्यातली? ही तर भांडायला आलीय!"

"असं होय!" मी कमरेवर हात ठेवले. "टॉवेलावर थोबाड कोणाचं? माझ्या गळ्यात कोणी घातला? मत मागताना मी तुमच्या कोपऱ्यातली आणि दुकान पाडताना परकी? कोपऱ्यातली नसेन, तर माझं मत परत द्या! आत्ता!"

मागे कोणीतरी पिशवीतून टॉवेल काढला. मग दुसऱ्याने. बघता बघता सगळं सभागृह टॉवेल हातात घेऊन तयार! जिकडे तिकडे चँपियनचं थोबाड फडफडतंय!

त्याने टॉवेल बघितले. टर्की बघितला. त्याची हनुवटी थरथरली. मला वाटलं, रडतोय की काय! तर असा हसला, असा हसला, की दातांवरचं रबर उडालं आणि जनरलने ते खायचं समजून उचललं!

"दुकान तुझं, मावशी! पुतळ्याचा चौथराही तुझा, त्यावर चूल मांड!" त्याने कमरेचा सोन्याचा पट्टा सोडून जनरलच्या गळ्यात घातला. त्या वजनाने जनरल मटकन खाली बसला. त्या रिंगणात चँपियनच्या हातून आडवा न होता बसलेला तो पहिलाच!

मग मी भिरकावलेल्या त्याच टॉवेलाने डोळे पुसत चँपियन गरजला, "पण घरोघर टॉवेल वाटायची अक्कल कोणी पाजळली होती रे?"

सगळ्या गावाची बोटं एकदम दाराकडे वळली. तिथून एक जण हळूच सटकत होता. फिलेमोन!