भुऱ्याची वर्दी

कुत्रीमांजरं बोलत, तेव्हाची गोष्ट. भुऱ्या नावाचा एक म्हातारा कुत्रा होता. धन्याची पेट्रोलची गाडी ओढ्यापलीकडे घरघरली, की तो भुंकून वर्दी द्यायचा आणि धनीण चहा ठेवायची. त्याच्या भाकरीचं तेवढंच काम.

मग धन्याने विजेची गाडी आणली. ती गुपचूप दारात आली, तरी भुऱ्या झोपलेलाच.

"आता तुझं काय काम, आजोबा?" साळू मांजर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भुऱ्या भाकरीला न शिवता ओढ्याकडे कान लावून बसला. घरघर काही आली नाही. दिवेलागणीला मात्र तिकडून बारीक सूर आला. गाडीत धनी गाणं म्हणत होता.

भुऱ्या भुंकायचंच विसरला.

"साळे, इतकी वर्षं हा गातच येत होता की काय गं?"

गाणं संपलं, तेव्हा तो भुंकला. चहाला त्या दिवशी जरा उशीर झाला.