हॅलोचा कडा

आंबेदऱ्याच्या कड्यावर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. हाक मारायची ती ‘हॅलो’ अशीच. पाहुणे हसतात. वाट दाखवणारे गेनू आजा त्यांना हसू देतात, मग खाली बसून सांगायला लागतात.

इथली माणसं पूर्वी दोराला लोंबकळून कड्यातला मध काढत. कड्यावर नाव घेतलं की कडा त्या माणसाला ठेवून घेतो, असं मानतात. आणि वर दोर धरायचा तो बायकोच्या भावानेच. बहिणीचं कुंकू त्याच्या हातात. तो काही दोर सोडायचा नाही.

एके दिवशी इथल्या बुधी नावाच्या बाईचा भाऊ चिमा तापाने फणफणला होता, म्हणे. पोळं मात्र मधाने भरून आलेलं. नवरा ऐकेना, तेव्हा बुधीनेच दोर धरला. तो खाली कपारीत उतरला आणि पोळ्यापर्यंत पोचायला त्याने कमरेचा दोर सोडला. तेवढ्यात दरीतून धुकं चढलं. बुधीने दोर ओढला तर रिकामा! माणूस दिसेना, आणि नाव तर घ्यायचं नाही.

तिला जंगलबंगल्यातला मुनशी आठवला. ती तिथे मध द्यायला जायची. न दिसणाऱ्या माणसाला तो फोनमध्ये ‘हॅलो, हॅलो’ ओरडायचा, उत्तर येईपर्यंत. बुधी तेच ओरडली.

“आहे!” खालून आलं.

आवाजाच्या रोखाने ती काठाकाठाने धावे, दोर खाली सोडी, पुन्हा ओरडे. “आहे!” मग एकदा अगदी क्षीण, “आहे.” मग काहीच नाही.

दुपार उलटली, गाव जमलं, तिचा घसा फाटला. बाई काठ सोडीना. “उत्तर आल्याबिगर मुनशी फोन ठेवीत नाय,” एवढंच म्हणे.

तेव्हा चिमा अंगातल्या तापासकट दरीत उतरला. तळाशी त्याला मेहुण्याचं प्रेत दिसलं. त्याने मान वर केली आणि रडत ओरडला, “आहे!”

सख्ख्या भावाचा आवाज तिला कळला नसेल? कळलाच असणार. पण तिने हातातला दोर खाली ठेवला.

मरेपर्यंत ती रोज काठावर येऊन ‘हॅलो’ ओरडे, असं सांगतात. चिमा नसला तर दरीत गुरं चारणारा जो असेल तो उत्तर देई.

आजही आंबेदऱ्यात फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणत नाहीत, ‘आहे’ म्हणतात. गेनू आजा धोतर झटकत उठतात. “मारा हाक,” पाहुण्यांना म्हणतात. कुणीतरी लाजत ओरडतं, “हॅलो!”

खाली सरपण वेचणारी एखादी बाई मान वर न करताच ओरडते, “आहे!”