पाठाईने पाठ का फिरवली

उंबरकोंडला पाठाई देवीच्या देवळात नवा माणूस आला की आधी गोंधळतो. हात जोडून वर बघावं, तर समोर देवीची पाठ! मानेवरचा अंबाडा, खांद्यावरून ओढून घेतलेला पदर, सगळं दगडात. मुखदर्शन मात्र नाही. मूर्तीच्या पलीकडे जेमतेम वीतभर जागा आणि मग भिंत. पाहुणे हळूच विचारतात, देवी रागावली आहे का हो? गावानेही एकदा तेच ठरवलं होतं आणि चांगलीच फजिती करून घेतली होती.

असं सांगतात की फार पूर्वी देवीचं तोंड दाराकडेच होतं. तेव्हा गावात येसू नावाची बाई होती. नवरा मिठाचे बैल घेऊन घाटावर गेलेला, घरात सासू नाही, पदरात चार महिन्यांची चिंगी. पोर सारखी रडायची. जो भेटेल तो येसूला एक नवा उपास सांगे. कुणी मंगळवार धरायला लावला, कुणी शनिवार, कुणी मीठ सोडायला. ती बिचारी सगळं मुकाट करी. अंगावर पाजणारी बाई उपाशी राहिली तर दूध आटणार, हे एवढ्या शहाण्या गावात कुणाच्या डोक्यात आलं नाही. दूध आटलं म्हणून पोर जास्त रडे, आणि पोर रडे म्हणून आणखी एक उपास वाढे.

एका मंगळवारी भर दुपारी येसू चिंगीला कडेवर घेऊन प्रदक्षिणा घालत होती. पोरीने टाहो फोडला आणि येसूचा हात उठला. एवढ्याशा गालावर बोटं उमटली. चिंगी एकदम गप्प झाली आणि आईकडे टकामका बघत राहिली. ते बघणं येसूला सोसवेना. तिने पोरीला देवीच्या पायाशी ठेवलं.

"आये, माज्यानं नाय होत गं आता," ती म्हणाली. "तूच बघ हिच्याकडं."

बाहेर येऊन ती देवळापुढच्या उंबराच्या झाडाखाली टेकली, आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.

जाग आली ती आरडाओरड्याने. ऊन कललं होतं. दिवाबत्तीला आलेला सिदू गुरव बोंब मारत होता आणि सारा गाव दारात जमला होता. देवीने तोंड फिरवलं होतं! पोर टाकून आई झोपली, म्हणून देवी कोपली, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. चिंगीला वेगळ्या राहणाऱ्या जावेच्या ओटीत घालायचं, येसूला कायमचं माहेरी धाडायचं, असा निवाडाही झाला. आपण आई व्हायच्या लायकीच्या नाही, हे येसू कित्येक दिवस मनाशी म्हणत होती. आज देवीनेही तेच सांगितलं, एवढंच तिला वाटलं.

"पन पोर कुठंय?" गावची सुईण धोंडाई गर्दीतून पुढे आली. एवढ्या गोंगाटात हे कुणी विचारलंच नव्हतं.

धोंडाई अंगाने काटकुळी. भिंतीला पाठ घासत ती मूर्तीच्या पलीकडे शिरली. बाहेर आली तेव्हा हसत होती, आणि डोळे वाहत होते.

"अरे मुडद्यांनो, चार मानसांत बाई पाठ कवा फिरवते? लेकराला पाजायला घेतलं की!"

चिंगी देवीच्या मांडीवर गाढ झोपली होती. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता, म्हणे.

येसू आत गेली, देवीच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि साऱ्या गावासमोर म्हणाली, "मी मारलं गं तिला." तो दगड उबदार लागला, असं ती पुढे जन्मभर सांगत असे. धोंडाईने तिथेच तिचे सगळे उपास सोडवले आणि गुरवाच्या घरची गरम पेज समोर बसून पाजली. चिंगी त्यानंतरही रडायचीच, लेकरं रडतातच. पण ती रडली की येसू आता स्वतःला शिव्या देत नसे. फारच झालं, तर शेजारणीला हाक मारी.

आजही मंगळवारी दुपारी आया येतात. मूल गुरवाच्या घरी देतात, देवीच्या पाठीला टेकतात आणि कुणाजवळ बोलता येत नाही ते बोलतात. मग उंबराखाली आडव्या होतात. त्यांना कुणी उठवत नाही. उपाशी बाईला मात्र आधी पेज, मग देऊळ.

मध्यंतरी जीर्णोद्धार निघाला तेव्हा मंडळींनी मूर्ती सरळ करायचा घाट घातला होता. गावच्या बाया दार अडवून उभ्या राहिल्या.

"हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "तिच्या मांडीवर अजून कुनाचं ना कुनाचं लेकरू हाय."